रानातल्या टिकल्या

माघात उन्हाळी कांद्याची दुसरी खुरपणी चालली होती. मी सुट्टी काढून गावी गेले होते, म्हणून वाफ्यात उतरले. खुरपण्यात माझा उपयोग बेताचाच, पण वहिनींशी निवांत बोलायला त्याहून चांगली जागा नाही. ऊन कललं होतं, रानाला छान वाफसा होता आणि खुरपं ओढलं की काळी ढेकळं हाताखाली आपसूक फुटत होती. त्यातल्याच एका ढेकळात काहीतरी चमकलं. वहिनींनी ते बोटाच्या टोकावर घेतलं, पदराला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. टिकली. हिरवी, मध्ये खडा असलेली, लग्नाकार्यात लावतात तसली. "ताई, रानात कोण नटून आलं होतं म्हणायचं?" वहिनी हसल्या. त्या स्वतः मरून रंगाची साधी टिकली लावतात. खुरपायला आलेल्या बायकांपैकीही कुणाची तसली नव्हती. मग आम्ही दोघी उगाचच शोधायला लागलो. पुढच्याच वाफ्यात आणखी एक सापडली, लाल, ज्वारीच्या दाण्याहून बारकी. मग शॅम्पूच्या पुडीचा दातेरी कोपरा, नखाएवढा. कान कोरायच्या काडीची पांढरी नळी, दोन्हीकडचा कापूस गेलेली. आणि एक निळा दोरा, ओढला तर निघता निघेना. कांद्याच्या मुळांत असा गुंतलेला की मूळ कुठलं आणि दोरा कुठला ते कळू नये.

वहिनींनी सगळं बांधावर टाकलं आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. रानात प्लास्टिक सापडण्यात नवल ते काय? मल्चिंग पेपरच्या फाटक्या पट्ट्या आहेत, ठिबकच्या तुटक्या नळ्या आहेत, रोपांचे ट्रे आहेत, औषधाच्या बाटल्यांची टोपणं आहेत, आणि रस्त्याकडेच्या प्रत्येक बांधावर गुटख्याच्या पुड्या आहेत. हे सगळं शेतातलं किंवा शेताच्या वाटेवरचं. ते कुठून आलं हे माहीत असतं आणि कुणाला बोलायचं हेही. टिकलीचं तसं नव्हतं. ती कुणाच्या तरी कपाळावर होती, आणि कपाळावरून कांद्याच्या वाफ्यापर्यंतचा तिचा रस्ता मला बसल्या जागी दिसत होता.

तो रस्ता आमच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून जातो.

बायका अंघोळीच्या आधी टिकली काढून आरशाच्या कडेला नाहीतर फरशीवर चिकटवतात. दोन-तीन दिवस ती तिथे असते, पुन्हा कपाळावर जाते, पुन्हा फरशीवर येते. मग गोंद सैल होतो, कधीतरी तांब्याचं पाणी उडतं आणि ती घरंगळून जाळीत जाते. ती गेली हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. पाकिटात अजून पंधरा असतात. जाळीखालून चेंबर, चेंबरमधून गल्लीतली लाइन, मोठी लाइन, आणि मग शहराबाहेर नदीकडेचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र. तिथे आधी लोखंडी जाळ्या असतात. त्यांत चिंध्या, बाटल्या, पिशव्या, डायपर अडकतात. टिकली अडकत नाही. पुढे वाळू बसवायचा हौद, मग हवा सोडलेले मोठाले हौद. तिथे जिवाणू मैला खातात, वाढतात, मरतात आणि सगळ्याचा चिखल होऊन तळाशी बसतो. वरचं पाणी नदीत जातं. खालचा चिखल पिळून, वाळवून बाहेर काढतात. त्याला कागदोपत्री काहीही म्हणत असोत, आमच्याकडे सगळे गाळच म्हणतात.

गेल्या वैशाखात दादाने त्या गाळाच्या ट्रॉल्या रानात ओतल्या होत्या. कुठल्या शहरातून, कुठल्या केंद्रातून ते सांगत नाही. कुठल्याही शहराचं तेच असणार आहे. त्या वेळी मी हौसेने दादाबरोबर ट्रॅक्टरवर बसून गाळ भरायला गेले होते. नाकाला पदर लावायची तयारी ठेवली होती, पण वास अगदीच सौम्य निघाला: ओल्या मातीचा, थोडा नवसागराच्या अंगाने जाणारा. वाळवणाच्या वाफ्यांवर गाळाचे काळे-करडे थर भेगाळून पडले होते, फावड्याने उचलले की पेंडीसारखे फुटत होते. आणि त्या भेगांमधून टोमॅटोची रोपं वर आली होती. कुणी लावली नव्हती. शहराने खाल्लेल्या कोशिंबिरीचं बी पोटातून, गटारातून, जिवाणूंच्या हौदांतून सहीसलामत बाहेर पडून तिथे उगवलं होतं. एका रोपाला तर बोराएवढे टोमॅटोही धरले होते. दादा म्हणाला, "बघ, ताकद बघ गाळाची." मलाही ते मनापासून पटलं. जे बी एवढ्या सगळ्यातून जगतं, त्याच्याच सोबत तेवढ्याच चिवटपणे दुसरंही काही येत असेल, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही. उगवलेलं डोळ्यांत भरतं, न उगवणारं भरत नाही.

आमच्या आबांच्या तोंडी सोनखताचं, म्हणजे मैल्याच्या खताचं, फार कौतुक असायचं. त्यांच्या वडिलांनी शहरातून गाड्या भरून सोनखत आणून उसाला घातलेलं, आणि तो ऊस असा झाला की माणूस आत शिरला तर हाक मारून बाहेर काढावा लागे. आबांच्या गोष्टीत ऊस दरवेळी वीतभर वाढायचा, पण मूळ गोष्ट खरी होती. पुणे, नाशिक अशा शहरांच्या नगरपालिका त्या काळी मैल्यात राख मिसळून, वाळवून त्याचं खत विकत असत आणि कालव्यावरचे ऊसवाले ते घेत. आधी नाकं मुरडली, मग एकाने घेतलं, मग त्याचा ऊस बघून दहा जणांनी घेतलं. मात्र ते खत डोक्यावरून वाहून, गाड्यांत भरून देणारी माणसं कोण होती, हे आबांच्या गोष्टीत कधीच आलं नाही. डोक्यावरून मैला वाहण्यावर कायद्याने बंदी आली १९९३ मध्ये, अधिक कडक कायदा झाला २०१३ मध्ये, आणि तरीही गटारात उतरून माणसं मेल्याच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. त्यामुळे 'जुनं ते शुद्ध' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्या खतात प्लास्टिक नव्हतं एवढंच.

उकिरड्यात मात्र तेव्हाही वाटेल ते जायचं. शेण, गोठ्यातला केरकचरा, चुलीची राख, केसांचे गुंतवळ, चिंध्या, फुटकी खापरं. लहानपणी नांगरटीच्या मागे मागे चालताना आम्ही तासात बांगड्यांचे तुकडे गोळा करायचो. हिरवे, लाल, क्वचित एखादा मोरपंखी. आजी म्हणायची, हा माझ्या सासूच्या हातातला असेल. म्हणजे बाईच्या शृंगारातलं काहीतरी रानात सापडणं हेही जुनंच. पण काच म्हणजे शेवटी वाळू. पिढ्यान् पिढ्या मातीत घासत घासत तिची धार जाते, मग आकार जातो, आणि ती पुन्हा वाळू होते. पायात रुतेल एवढीच काय ती तक्रार. आणि आजीच्या कपाळावरचं कुंकू तर रोजच्या रोज संपायचं. करंड्यातलं मेण बोटाने गोल लावायचं, त्यावर पिंजर दाबायची. हळदीचं कुंकू, मधमाशीचं मेण. संध्याकाळी तोंड धुतलं की ते मोरीतून परसात, अळवाच्या बुडाशी. अळू जोमात असायचा. आजीने आयुष्यभर लावलेलं सगळं कुंकू आज शोधायला गेलं तर चिमूटभरही सापडणार नाही. वहिनींच्या हाताला लागलेली ती हिरवी टिकली मात्र माझ्या भाचीच्या नातवंडांनाही सापडेल, ट्रॅक्टरच्या रोटरने तिचे तुकडे केले नाहीत तर.

आणि रोटर तुकडे करणारच. प्रश्न तिथेच सुरू होतो.

पाच मिलिमीटरपेक्षा लहान प्लास्टिकला मायक्रोप्लास्टिक म्हणतात. ब्रिटनमधले सागरशास्त्रज्ञ रिचर्ड थॉम्पसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा शब्द रूढ केला. तेव्हापासून समुद्राची चर्चा भरपूर झाली. कासवाच्या नाकातली नळी सगळ्यांनी पाहिली. कांद्याच्या मुळातला दोरा कोण पाहणार? टिकल्या आणि पुड्या तर निदान दिसतात, वेचता तरी येतात. गाळातला मोठा वाटा दोऱ्यांचा असतो, आणि तेही वहिनींच्या हाताला लागलेल्या दोऱ्यासारखे लांब नव्हेत, केसाहून बारीक तुकडे. लेगिंग, स्वेटर, सिंथेटिक साडी, शाळेचा गणवेश, नाइट ड्रेस, सोफ्याची खोळ: जे जे पॉलिस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक आहे ते प्रत्येक धुण्यात झडतं. २०१६ मध्ये प्लिमथ विद्यापीठात इमोजेन नॅपर आणि थॉम्पसन यांनी मोजून पाहिलं. सहा किलो अ‍ॅक्रिलिक कपडे एकदा धुतले तर सात लाखांहून जास्त तंतू पाण्यात सुटू शकतात, पॉलिस्टरचे जवळपास पाच लाख. मिश्र सुती-पॉलिस्टर कापडाचे कमी, पण तेही लाखाच्या वरच. आमच्या सोसायटीत सकाळी सातला एकामागून एक मशिनं सुरू होतात. डक्टमधून पाणी खाली धो धो पडतं ते ऐकू येतं. साबणाचा वास छान असतो.

यात सगळ्यात अवघड जागची गोष्ट अशी की शुद्धीकरण केंद्र आपलं काम चोख करतं. चांगल्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात मायक्रोप्लास्टिक फारच थोडं राहतं. नव्वद टक्क्यांहून अधिक अडवलं जातं. पण अडवलेलं नाहीसं होत नसतं. ते तळाच्या चिखलात बसतं. नदी जितकी स्वच्छ, गाळ तितका प्लास्टिकचा. इंजिनिअरला विचारलं तर तो पाण्याचे आकडे दाखवील आणि ते खरेच असतील. नदीत मासे दिसू लागले म्हणून शहर टाळ्या वाजवील आणि त्याही खऱ्याच असतील. आणि खालचा तो चिखल 'सेंद्रिय खत' म्हणून ज्याच्या रानात जाईल, त्याचं नाव या हिशेबाच्या कुठल्याच रकान्यात नसेल.

या कोड्यात पडणारे आपण पहिले नाही. युरोपात गाळ शेतात घालण्याची रीत जुनी आणि कायदेशीर आहे; ब्रिटनमध्ये तर बहुतेक गाळ शेतातच जातो. कार्डिफच्या संशोधकांनी २०२२ मध्ये वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका केंद्रातला गाळ तपासला, तेव्हा त्याच्या वजनाचा साधारण एक टक्का भाग प्लास्टिक निघाला. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला की युरोपच्या शेतजमिनीत दरवर्षी ३१ हजार ते ४२ हजार टन मायक्रोप्लास्टिक पेरलं जातंय. त्याहून माझ्या मनात घर करून राहिला तो स्कॉटलंडमधला प्रयोग. हार्टवुड नावाच्या ठिकाणी प्रयोगाच्या शेतात १९९४ ते १९९७ अशी चार वर्षं गाळ घातला आणि मग थांबवलं. प्रयोग मुळात जड धातूंसाठी होता, पण मातीचे नमुने जपून ठेवलेले होते. अलीकडे कुणीतरी तेच नमुने प्लास्टिकसाठी उघडले. चार वर्षांत मातीतल्या प्लास्टिकच्या कणांची संख्या ७२३ ते १,४४५ टक्क्यांनी वाढली होती. आणि गाळ थांबवून २२ वर्षं झाल्यावर? जवळजवळ तेवढीच. बावीस वर्षं पाऊस पडला, गवत वाढलं, गांडुळं वर-खाली गेली. कण जिथल्या तिथे. युरिया जास्त झाला तर वाहून जातो, खारवट रान चर खणून धुता येतं, औषधाचा अंश कधीतरी विरतो. हे एकदा घातलं की घातलं.

स्वित्झर्लंडने शेतात गाळ घालणं २००६ पासून बंद केलं. ते तो जाळतात. अमेरिकेतल्या मेन राज्याने २०२२ मध्ये बंदी आणली, ती वेगळ्या कारणाने: गाळातून आलेल्या आणि कधीच न विरणाऱ्या रसायनांनी तिथल्या दुभत्या जनावरांचं दूध आणि विहिरींचं पाणी बाधलं होतं, पिढीजात शेतं ओस पडली होती. श्रीमंत देशांना जाळणं परवडतं. शिवाय जाळल्यावर गाळातलं फॉस्फरससारखं मोलाचं काही राखेत अडकून पडतं, त्याची हळहळ त्यांनाही आहेच.

आपल्याकडे काय? खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टचे निकष दिलेले आहेत. ओलावा किती, कर्ब किती, नत्र किती, शिसं, कॅडमियम, पारा किती चालेल, सगळं आहे. आणि कणांचा आकार: निदान नव्वद टक्के माल चार मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे. मी ते वाचलं आणि थोडी हसलेच. बारीक, एकसारखं खत हवं म्हणून घातलेली ती अट आहे, हेतूत काही खोट नाही. पण पाच मिलिमीटरच्या आतलं ते मायक्रोप्लास्टिक, आणि चाळणी चार मिलिमीटरची. म्हणजे मोठं प्लास्टिक वर राहील, ते दिसत होतंच, आणि बारीक झालेलं सगळं उत्तीर्ण होऊन गोणीत जाईल. गोणीवर हिरवी पानं छापलेली असतात. अहमदाबादेत भाभा अणुसंशोधन केंद्राच्या तंत्राने २०१९ मध्ये रोज शंभर टन वाळका गाळ कोबाल्टच्या गॅमा किरणांखालून काढायचं केंद्र उभं राहिलं. रोगजंतू मरतात, तणाचं बीही मरतं. वाळवणावर टोमॅटो उगवतील असा तो गाळ नव्हे. फार हुशारीचं काम आहे, मी मनापासून म्हणते. पण किरणांनी मरायला आधी जिवंत असावं लागतं.

मातीत पडून हे करतं काय, असं दादाने मला फोनवर विचारलं. त्याला ठोस ऐकायचं होतं: किती क्विंटलने उतारा घटतो? तसं काही माझ्याकडे नव्हतं. जे वाचलं होतं ते सांगितलं. बर्लिनच्या संशोधकांनी मातीत पॉलिस्टरचे तंतू मिसळून पाहिले तेव्हा मातीची भुसभुशीत होण्याची, पाणी धरण्याची रीतच बदलली. पॉलिथिनचं प्रमाण फार वाढवलं तर गांडुळांची वाढ खुंटते, काही मरतात. आणि जी जगतात ती हेच कण बिळातून खोलवर नेऊन ठेवतात. अगदी सूक्ष्म कण गव्हाच्या आणि लेट्यूसच्या मुळांत शिरतात, नवी उपमुळं फुटताना सालीला चीर पडते तिथून, असं चिनी संशोधकांनी २०२० मध्ये दाखवलं. दादाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आणि मी युरिया टाकून टाकून रानाचा दगड केला, त्याचं काय वाचलंयस?"

त्याचा प्रश्न टोलवता येण्यासारखा नाही. आमच्या रानाची माती तपासून आणली तेव्हा सेंद्रिय कर्बाच्या पुढे 'अत्यंत कमी' असा शेरा होता. बैल गेले ते आबांबरोबरच. आता गोठ्यात एक म्हैस, तिचं शेण परसातल्या भाजीलाच पुरतं. शेणखताची ट्रॉली विकत घ्यावी तर पाच-सहा हजारांच्या खाली कुणी बोलत नाही, आणि त्यातही निम्मी माती असते. साखर कारखान्याची मळी मिळते ती ओळखीवर. अशा वेळी कुणी म्हणालं की गाळ फुकट आहे, ट्रॉलीचं भाडं आणि डिझेल तेवढं तुमचं, तर माणूस नको कशाला म्हणेल? त्यातून धरणातला गाळ रानात टाकायची सरकारी योजना २०१७ पासून आहेच. तो गाळ टाकून मुरमाड रानं काळी झालेली सगळ्या पंचक्रोशीने पाहिली. त्यामुळे गाळावर लोकांचा विश्वास बसलेला आहे. धरणाचा गाळ आणि गटाराचा गाळ, दोन्ही काळेच दिसतात. आणि दादाचा कांदा त्या वर्षी खरंच सुरेख होता. चकाकीचा, एका मापाचा, पत्तीला घट्ट. पहिल्यांदाच माती हातात भुसभुशीत लागत होती, हे मी स्वतः खुरपताना अनुभवलं. वाईट होतंय असं सांगावं तर माती हसत होती.

गाळ नको म्हणून प्रश्न सुटेल असंही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा २०२१ चा अहवाल सांगतो की देशातल्या शहरांतून रोज ७२ हजार ३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघतं, आणि प्रत्यक्षात शुद्ध होतं जेमतेम २० हजार २३६ दशलक्ष लिटर. उरलेलं ओढ्या-नाल्यांतून नदीत. त्याच नदीवर आमच्या शिवारातल्या मोटरी बसलेल्या आहेत. पुण्याचं शुद्ध केलेलं पाणी मुंढव्यातून उचलून जुन्या बेबी कालव्यात सोडायचं आणि खालच्या दौंड भागातल्या शेतीला द्यायचं, अशी साडेसहा टीएमसीची व्यवस्था आहे. कागदावर ती किती शहाणपणाची वाटते! प्यायचं पाणी शहराला, वापरलेलं पाणी शेतीला. कालव्याकडेच्या लोकांना विचारा, पाण्याला कधी वास येतो आणि कधी फेस येतो ते तोंडपाठ सांगतील. म्हणजे केंद्र असलं तर ते गाळातून येणार, नसलं तर पाण्यातून येणार. केंद्र असलेलंच बरं. निदान एका जागी जमा होतं, तिथे हात घालता येतो. फ्रान्सने २०२० च्या एका कायद्यात नव्या वॉशिंग मशिनांना तंतू अडवणारी गाळणी बसवायचं लिहून ठेवलं, २०२५ पासून. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "बघ, तेच म्हणतोय मी. तुमच्या मशिनला जाळी लावा की. रानाला कशाला लावायला सांगताय?"

मी आमच्या मशिनसाठी गाळणी शोधली. बाहेरून नळीला जोडायची मिळते, महाग आहे. मनात आलं, लावली आणि त्यात निळसर लगदा साठला, तर तो टाकायचा कुठे? सुक्या कचऱ्याच्या बादलीत. बादली घंटागाडीत. गाडी डेपोवर. डेपोच्या ढिगाला वारा लागतो, पाऊस लागतो, आणि डेपोच्या उताराला पुन्हा कुणाचं तरी रान असतंच. तरी लावावी असं अजूनही वाटतं. सोसायटीच्या बैठकीत विषय काढला तेव्हा सेक्रेटरींनी तो 'आयत्या वेळच्या विषयांत' घेतला, म्हणजे घेतला नाही.

या वैशाखात कांदा निघून रान मोकळं झालं आणि खताचा विषय पुन्हा आला. दादाने तोपर्यंत त्याच्यापुरता मार्ग काढला होता. गाळ फक्त उसाला. "ऊस काय लोक मुळासकट खातात का?" आणि कांद्याच्या रानात मेंढरं बसवायची. आबांच्या वेळी दरसाल बसायची. मधल्या काळात खताच्या गोण्या आल्या आणि ते मागे पडलं. परतीच्या वाटेवरचा धनगरांचा एक वाडा पलीकडच्या शिवारात उतरला होता. दादा त्यांच्यातल्या म्हाताऱ्याला रान दाखवायला घेऊन आला, मीही गेले. मला वाटलं, आता धान्य किती, पैसे किती, रात्री किती अशी घासाघीस होईल. म्हातारा काहीच बोलेना. घोंगडी खांद्यावर टाकून त्याने आडवं-उभं रान तुडवलं, पायताणाच्या टोकाने ढेकळं उलटली, दोन-तीनदा वाकून काहीतरी उचललं, पाहिलं आणि टाकून दिलं. मग आमच्याजवळ येऊन म्हणाला, "पाटील, गेल्या साली अशाच एका रानात बसवली. दोन मेंढ्या पोट फुगून गेल्या. फाडल्या तर कोथळ्यात दोऱ्या न् कागूद." दादा म्हणाला, "आवो, हे बारीक हाय, मेंढरं काय टिकल्या खात्यात व्हय?" "बारीक असू द्या न्हाईतर मोठं. मुकं जनावर हाय, त्याला काय कळतंय?" त्याने वरच्या अंगाचा, गाळ न पडलेला तुकडा हाताने दाखवला. तिथे बसवतो म्हणाला. खालच्या रानाला रात्रीमागे दुप्पट पडतील, आणि आधी बायका लावून वेचून घ्या.

दुप्पट पैसे आणि वर वेचणीची मजुरी म्हटल्यावर दादा हिशेब करायला लागला. गाळाची ट्रॉली फुकट आली होती, असं वहिनी मागून म्हणाल्या.